आधी ढीग, मग आराखडा

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी १९१५ साली खोपोलीत जलविद्युत केंद्र सुरू केलं. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून त्यावर जनित्रं फिरवायची, अशी ती योजना. वीज तयार झाल्यावर ते पाणी पाताळगंगेत जातं. त्याच नदीच्या काठी, खालापूर तालुक्यातल्या पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत, १९८२ साली रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना उभा राहिला. तंत्रज्ञान ड्यू पाँटचं होतं. ज्या पॉलिएस्टरचा तो धागा निघतो, त्याच कुळातलं पॉलिमर पाण्याच्या बाटलीत असतं. पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट हे त्याचं पूर्ण नाव, धंद्यातलं नाव ‘पेट’. व्हिनफील्ड आणि डिक्सन या इंग्लंडमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते १९४१ मध्ये कापडासाठी शोधलं. नॅथॅनियल वायेथ यांनी त्याच्या बाटलीचं पेटंट मिळवलं ते १९७३ मध्ये.

मुंबईचा उजेड आणि देशाचा पॉलिएस्टर धागा ज्या पट्ट्याने घडवला, त्याच पट्ट्यात आज पावसाळी शनिवार-रविवारनंतर धबधब्यांच्या वाटांवर बाटल्यांचा खच पडलेला असतो. कर्जत, नेरळ, आषाणे, खोपोलीचा झेनिथ धबधबा, भीमाशंकरला चढणारी खांडसची वाट, सगळीकडे तेच. या बाटल्यांच्या खुर्च्या का करू नयेत, दिवे का करू नयेत, असा प्रश्न कोणालाही पडावा. करता येतात. मात्र बहुतेक उत्साही मंडळी आधी खुर्चीचं चित्र काढतात आणि मग प्लास्टिक शोधायला निघतात. हा क्रम उलटा आहे. सागवान किंवा लोखंड घ्यायचं तर दुकानात जाऊन हवं ते मागता येतं. टाकाऊ प्लास्टिकमध्ये जे हाती येतं त्याच्या स्वभावाप्रमाणे वस्तू ठरवावी लागते. म्हणून या प्रकरणात आधी ढीग पाहू आणि मग आराखड्याकडे वळू.

भंगारवाल्याच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं तरी बरंच शिकायला मिळतं. ‘प्लास्टिक’ नावाचा माल तिथे कोणी विकत घेत नाही. पेटची बाटली वेगळी, शाम्पूच्या आणि तेलाच्या कॅनचं ‘एचडी’ (जास्त घनतेचं पॉलिथिन) वेगळं, रंगाच्या बादल्यांचं आणि डब्यांचं ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) वेगळं, दुधाच्या पिशव्यांचं ‘एलडी’ (कमी घनतेचं पॉलिथिन) वेगळं. माणूस तुकडा वाकवून बघतो, नखाने ओरखडा काढतो, आपटून आवाज ऐकतो. वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो, पण तुटलेल्या तुकड्यावर तो क्वचितच सापडतो. मग पाण्याचा हौद कामाला येतो. एचडी, एलडी आणि पीपी पाण्याहून हलके, ते तरंगतात. पेट आणि पीव्हीसी बुडतात. बाटली झाकणासकट दळून चुरा पाण्यात टाकला तर बाटलीचा चुरा तळाशी बसतो आणि झाकणाचा वर येतो, कारण बाटली पेटची आणि झाकण बहुधा एचडीचं असतं.

हौद एका ठिकाणी मात्र फसवतो. पेट आणि पीव्हीसी यांची घनता जवळजवळ सारखी असते, त्यामुळे दोन्ही एकत्रच तळाशी जातात. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं. त्या उष्णतेत पीव्हीसीचा चिमूटभर तुकडाही जळून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतो. ती माल काळवंडवते, यंत्र गंजवते आणि माणसाच्या छातीत जाते. शंका असेल तर तांब्याची तार तापवून तुकड्याला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर तुकड्यात क्लोरीन आहे. हे उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून आणि अगदी छोट्या तुकड्यावरच करावं.

ही छाटणी बहुतांशी कचरावेचक बायकांच्या हातून होते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ कार्यक्रमातून कचरावेचक स्त्रियांना संघटित केलं. या बायकांच्या बोटांना जे कळतं ते डिझाइनच्या अभ्यासक्रमात क्वचितच शिकवलं जातं. पुनर्वापराचं फर्निचर करू पाहणाऱ्याने पहिला पगार ठरवावा तो छाटणी करणाऱ्या बाईचा, असं मला मनापासून वाटतं. छाटणी चुकली तर पुढे कितीही चांगलं यंत्र आणलं तरी वस्तू भेगाळते.

खालापूर तालुक्यात एक इशारा वेगळा द्यावा लागतो. रसायनी-पाताळगंगा भागात रासायनिक कारखाने आहेत आणि त्यांच्याबरोबर निळी पिंपं येतात. पिंप जाड, मजबूत आणि एचडीचं असतं. ते उभं कापलं की झोपाळा होतो, आडवं कापलं की खुर्ची, आणि अशा वस्तू दिसतातही छान. पण एचडी पूर्णपणे अभेद्य नसतं. द्रावकं त्याच्या भिंतीत मुरतात आणि नुसतं धुऊन निघत नाहीत. २०१६ च्या घातक कचरा नियमांत घातक रसायनांनी दूषित झालेले रिकामे पिंप आणि डबे हा घातक कचराच धरला आहे. आधी काय भरलं होतं हे नक्की ठाऊक नसेल तर ते पिंप घरात, अंगणात किंवा पोरांच्या खेळण्यात आणू नये. किती सुंदर कापलं आहे याचा इथे काही संबंध नाही.

आता ढिगात सर्वात जास्त दिसणाऱ्या पेटकडे वळू. एवढं पेट पडलेलं असताना छोट्या कार्यशाळा त्याच्या फळ्या का करत नाहीत? पेट ओलं वितळवलं तर पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्या तोडतात. म्हणून वितळवण्याआधी ते दीडशे अंशांच्या वर कित्येक तास इतकं सुकवावं लागतं की पाण्याचा अंश दशलक्षात पन्नास भागांपर्यंत उतरावा. कर्जतच्या जुलैमध्ये, जिथे कपडेही तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये हे जमणारं काम नव्हे. त्यातून सावकाश थंड झालेलं पेट पांढरट आणि ठिसूळ होतं. उलट धाग्यासाठी लागणाऱ्या साखळ्या बाटलीच्या साखळ्यांपेक्षा आखूड चालतात. त्यामुळे पुनर्वापरात आखूड झालेलं पेट धाग्याला सहज पुरतं. बाटली धाग्याकडेच पाठवावी. उशीच्या भरणीत आणि शर्टाच्या कापडात तिचं सोनं होतं.

छोट्या कार्यशाळेचं खरं भांडवल म्हणजे एचडी आणि पीपी. एचडी १३० अंशांच्या आसपास वितळतं, पीपी १६० च्या पुढे. दोघांनाही पेटसारखं कडक सुकवणं लागत नाही. धुतलेला, वाळलेला चुरा लोखंडी साच्यात पसरायचा, वर-खाली तापलेल्या पट्ट्यांत धरून १८०-२०० अंशांपर्यंत न्यायचा, दाबायचा आणि दाबाखालीच थंड होऊ द्यायचा. चिक्कीचा पाक ताटात ओतून लाटण्याने सारखा करतात, त्याच जातीचं हे काम. दाब लवकर काढला तर फळी वेडीवाकडी होते, कारण थंड होताना एचडी दोन ते चार टक्के आकसतं आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. नेदरलँड्सच्या डेव्ह हॅकेन्स यांनी २०१३ मध्ये ‘प्रेशस प्लास्टिक’ नावाने अशा यंत्रांचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून जगभर गॅरेजमध्ये आणि शेडमध्ये अशा फळ्या निघू लागल्या.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीस मिलिमीटर जाड फळीचं वजन सुमारे एकोणीस किलो भरतं. झाकण दोन ग्रॅमचं धरलं तर ती नऊ-साडेनऊ हजार झाकणं झाली. पण एवढी झाकणं खर्चूनही फळी लाकडासारखी वागत नाही, आणि बरेच नवखे इथेच फसतात. एचडीचा ताठपणा सागवानाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. वीस मिलिमीटर जाड आणि फूटभर रुंद फळी एक मीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून सत्तर किलोचा माणूस मधोमध बसवला तर ती हिशेबाने सुमारे सात सेंटिमीटर खाली जाते. सागाची फळी तेवढ्याच भाराने सात-आठ मिलिमीटरवर थांबते. शिवाय प्लास्टिकवर भार तसाच राहिला तर ते महिनोन्महिने हळूहळू सरकत राहतं. ज्या शाळेत बाक उन्हाळ्याच्या सुट्टीत गादीखाली, वह्यांच्या गठ्ठ्यांखाली पडून असतात, तिथे बिनामाणसाचाही झोळ पडतो.

उपाय भूमितीत आहे. आधारांतलं अंतर निम्मं केलं की झोळ आठपटीने कमी होतो. तीच फळी अर्ध्या मीटरच्या आधारांवर जेमतेम नऊ मिलिमीटर वाकते. जाडी दुप्पट केली तरी झोळ आठपट कमी होतो, पण तेव्हा वजन आणि माल दुप्पट लागतो. म्हणून जाण असलेला कारागीर फळी जाड करण्याच्या फंदात पडत नाही, खाली पट्ट्या लावतो आणि पाय जवळ घेतो. सुताराने सवयीप्रमाणे चार कोपऱ्यांत चार पाय दिले की प्लास्टिकचं बाक पहिल्याच वर्षी हसू लागतं. दोष प्लास्टिकला दिला जातो, पण खरा दोष लाकडाचा आराखडा उसना घेण्याचा असतो.

दुसरी अडचण उन्हाची. एचडी तापल्यावर पोलादाच्या दहापटीहून जास्त पसरतं. कर्जतची थंडीतली पहाट आणि मे महिन्यातल्या दुपारी उन्हात तापलेलं गडद रंगाचं बाक यांत चाळीस-पंचेचाळीस अंशांचा फरक सहज पडतो. दोन मीटरची फळी तेवढ्यात एक सेंटिमीटरहून जास्त वाढते. दोन्ही टोकं बोल्टने घट्ट आवळली तर फळी मधून फुगते किंवा बोल्टाजवळ तडकते. म्हणून एका टोकाला गोल भोक आणि दुसऱ्या टोकाला लांबट खाच ठेवायची, म्हणजे फळी हवी तशी सरकते. रंगाचंही तसंच. उन्हातल्या अतिनील किरणांनी साखळ्या तुटतात आणि पृष्ठभाग भुरभुरा होतो. दोन-अडीच टक्के काजळी मिसळली की किरणं आत शिरत नाहीत. पाण्याचे एचडी पाइप काळे असतात ते याचमुळे. बागेतलं बाक रंगीबेरंगी करण्याचा मोह आवरावा. रंगीत फळ्या ओसरीत, वर्गात, दुकानात वापराव्यात.

या पट्ट्यात प्लास्टिकच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगता येते. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि वर माथेरानला तर पाच हजारांच्या घरात. उघड्यावरचं लाकडी बाक इथे बुरशीने आणि वाळवीने पोखरतं, लोखंडी बाकाचे पाय गंजून जमिनीशी तुटतात. प्लास्टिकला वाळवी लागत नाही, पाणी मुरत नाही. एसटी थांब्यावर, उपकेंद्राच्या ओसरीवर, नदीच्या घाटावर बाक हवंच असेल तर ते या मालाचं असण्यात खरा अर्थ आहे.

जगात या कामाची नावाजलेली उदाहरणं आहेत. १९९२ च्या सुमारास जेन अॅटफील्ड यांनी लंडनमध्ये टाकाऊ बाटल्यांच्या रंगीत फळ्यांपासून साधी, सरळ रेषांची खुर्ची केली. चकचकीत लपवाछपवी नव्हती, ठिपक्याठिपक्यांचा माल तसाच दिसू दिला होता. २०१० मध्ये एमेको कंपनीने कोका-कोलाबरोबर ‘१११ नेव्ही’ खुर्ची आणली. अमेरिकन नौदलासाठी १९४४ मध्ये घडवलेल्या अॅल्युमिनियमच्या खुर्चीची ही प्लास्टिक आवृत्ती. नावातला आकडा तिच्यात गेलेल्या बाटल्यांचा. खुर्ची उत्तम आहे, पण ताठपणासाठी पेटमध्ये काचेचे तंतू मिसळलेले आहेत. ती मोडली की तिची पुन्हा बाटली होणार नाही. एवढी टिकाऊ वस्तू दशकानुदशकं वापरली जाणार असेल तर मला हा सौदा मान्य आहे. मान्य नाही तो दोन मोसमांत फेकला जाणारा शोभेचा माल, मग त्यावर ‘पुनर्वापर’ असा कितीही मोठा शिक्का असो. एका वस्तूत एकच प्लास्टिक, गोंदाऐवजी स्क्रू, लाकडाचा भुसा मिसळलेला नको आणि बुडाला पॉलिमरचा आकडा कोरलेला, एवढं पाळलं तर मोडलेली खुर्ची पुन्हा चुरा होऊ शकते.

दिव्यांकडे येताना एक ऐतिहासिक बदल ध्यानात घ्यावा. साठ वॅटच्या जुन्या बल्बची काच शंभर अंशांच्या वर तापायची. तिच्याजवळ एलडीची पिशवी नेणं म्हणजे आगीला बोलावणं. आज तेवढाच उजेड आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो आणि त्याची उष्णता मुख्यतः बुडाकडे असते. प्लास्टिकच्या लॅम्पशेड घरात आणता आल्या त्या यामुळे. तरी सावधगिरी सुटत नाही. पॉलिथिन पेटायला हवेत सतरा-अठरा टक्के ऑक्सिजन पुरतो आणि आपल्या हवेत एकवीस टक्के आहे. म्हणजे एकदा पेटलं की ते स्वतःहून विझत नाही, जळते थेंब टाकत राहतं. होल्डर धातूचा किंवा चिनी मातीचा घ्यावा, लॅम्पशेड बल्बला टेकू देऊ नये, वर आणि खाली हवेला वाट ठेवावी. बंद लॅम्पशेडमध्ये उष्णता कोंडली की एलईडीच्या बुडातलं सर्किट वर्षभरात मरतं आणि दोष बल्बवाल्याला मिळतो. टीव्ही-संगणकाच्या काळ्या कवचांच्या चुऱ्यापासून दिवे करू नयेत, त्यांत आगरोधक म्हणून ब्रोमीनयुक्त रसायनं असू शकतात.

उजेडासाठी एचडीचा एक गुण फार मोलाचा आहे. दुधी रंगाचा, रंग न मिसळलेला कॅन उजेडासमोर धरून पाहा. एचडीच्या आत स्फटिकांचे अतिसूक्ष्म पुंजके असतात आणि ते प्रकाश चहूकडे विखुरतात. बल्बचा ठिपका दिसत नाही, सगळी भिंत मंद उजळते. भंगारात या बिनरंगी मालाला ‘नॅचरल’ म्हणतात आणि त्याला रंगीत मालापेक्षा भाव जास्त मिळतो. दिवा करायचा तर हाच निवडावा, दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ पत्र्यात दाबावा. निळ्या-लाल चुऱ्याचा पत्रा दिवसा देखणा दिसतो, पण रात्री उजेड गिळतो.

वितळवल्याशिवायही उजेड मिळतो, हे ब्राझीलच्या आल्फ्रेडो मोझेर यांनी २००२ मध्ये दाखवलं. पाण्याने भरलेली पेटची बाटली, त्यात शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणं ब्लीच, आणि ती पत्र्याच्या छपरात अर्धी वर, अर्धी खाली बसवलेली. वरचं ऊन पाण्यातून वळून खोलीभर पसरतं, चाळीस ते साठ वॅटच्या बल्बइतकं. २०११ पासून फिलिपिन्समध्ये इलॅक डियाझ यांनी याची मोठी मोहीम केली. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांत, जिथे घराला खिडकी नावालाच असते, तिथे दिवसाच्या अंधाराला हे उत्तर होऊ शकतं. अट एकच, छपराला भोक पाडणाऱ्याने गळती थांबवण्याची जबाबदारी कोकणचा पाऊस डोळ्यांपुढे ठेवून घ्यावी.

विणकाम हा वितळवण्याहूनही सोपा रस्ता आहे, आणि तो आपल्या घरचाच आहे. प्लास्टिकच्या पट्टीची बाज, नवारीची खाट, वायरची पिशवी हे सगळं महाराष्ट्रातल्या बायकांनी आणि कारागिरांनी कोणत्याही डिझाइन संस्थेची वाट न पाहता केलं. खोक्यांना आवळायची पीपीची पट्टी कारखान्यांतून आणि गोदामांतून रोज फेकली जाते. ती ताणाला चिवट असते, म्हणजे स्टुलाच्या आणि बाजेच्या विणीला हवी तशीच. पुण्यात अमिता देशपांडे यांच्या ‘रीचरखा’ने आणि नंदन भट यांच्या ‘इकोकारी’ने टाकाऊ पिशव्या आणि वेष्टनं कापून, चरख्यावर गुंडाळून, हातमागावर कापड विणण्याचं काम उभं केलं आहे. बिस्किटांच्या आणि चिप्सच्या अनेक थरांच्या वेष्टनांना भंगारात फारसा भाव नाही, वितळवूनही त्यांचं काही नीट होत नाही. माग हाच त्यांचा मार्ग. कोलंबियात अल्वारो कातालान दे ओकोन यांनी २०१२ मध्ये पेट बाटलीचं तोंड तसंच ठेवून तिच्या कापलेल्या पट्ट्यांत टोपली विणणाऱ्या कारागिरांकडून लॅम्पशेड विणून घेतल्या. बुरूडकाम आणि बांबूची टोपली जिथे अजून हातात आहे, तिथे हे काम सहज रुजेल.

दिवाळीचा आकाशकंदीलही असाच. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, बटर पेपरच्या मध्ये दोन-तीन थर ठेवून मंद इस्त्री फिरवली की दुधी, चिवट पत्रा तयार होतो. तो बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवला तर कंदील पावसाच्या सरीतही टिकतो आणि घडी करून माळ्यावर ठेवता येतो. खिडक्या मात्र उघड्या ठेवाव्यात आणि इस्त्री करताना धूर दिसला तर लगेच थांबावं. राज्य सरकारने २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसाठी ५० पैसे परतीची तरतूद केली होती. ती नीट अमलात आली असती तर हा माल गावोगावी स्वच्छ आणि एकत्र मिळाला असता. अजूनही व्हावी, असं वाटतं.

फळी कापताना निघणारा भुसा हा या सगळ्या उद्योगाचा धोकादायक भाग आहे. लाकडाचा भुसा मातीत मिसळतो, एचडीचा नाही. कर्जतची उल्हास नदी खाली बदलापूर-कल्याणकडे जाते आणि त्या भागातली लोकवस्ती तिचं पाणी पिते. करवतीखाली पोतं बांधणं, रंधा बंद खोलीत चालवणं आणि भुसा गोळा करून पुन्हा साच्यात टाकणं ही शिस्त नसेल तर कार्यशाळा नदीला बाटल्यांहून वाईट काहीतरी देईल. तरंगणारी बाटली निदान उचलता येते.

या पट्ट्यात सुरुवात करायची तर मी शाळेपासून करेन. मुंबईत टेट्रा पॅकने ‘आरयूआर ग्रीनलाइफ’ या संस्थेबरोबर दूध-रसाच्या खोक्यांच्या पत्र्यांपासून शाळांना बाक आणि डेस्क देण्याचा कार्यक्रम चालवला. ही खोकी मुख्यतः कागदाची, त्यांत थोडं पॉलिथिन आणि पातळ अॅल्युमिनियम असतं, आणि तुकडे करून दाबली की फळी होते. वाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत पोरं सतरंजीवर बसून मांडीवर वही धरतात. त्यांना लागतं ते बैठं, उतरतं डेस्क. त्याची रुंदी दीड फुटाच्या आसपास, वर भार म्हणजे एका पोराचे दोन कोपर आणि दप्तर. एवढ्या कमी अंतरात वीस मिलिमीटरची एचडी फळी पुरेशी ताठ राहते, उन्हात ठेवायची नसल्यामुळे काजळीही लागत नाही, आणि पावसाळ्यात गळक्या छपराखाली भिजली तरी तिचं काही बिघडत नाही. दोन बाजूच्या फळ्या, एक वरची, मागे एक पट्टी आणि आठ स्क्रू. झाकणं आणि एचडीचे कॅन गावातून गोळा करावेत, छाटणी गावातल्या बायकांनी करावी, आणि मोडलेलं डेस्क ज्या शेडमध्ये घडलं तिथेच परत जाईल असा करार शाळेशी आधी करावा.